तिसरा ढीग

माझ्या थोरल्या भावाला सगळे शेणमास्तर म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यालाही त्यात वावगं वाटत नसे. आठ वर्षं त्याने शाळेत गणित शिकवलं होतं. एके दिवशी फळ्यावरचं गणित अर्धं टाकून तो वर्गातून बाहेर पडला तो परत गेलाच नाही. पुढे कुणी विचारलं की म्हणायचा, "उरलेलं मुलांना येत होतं."

वडिलांची जमीन तेव्हा ताटासारखी कडक झाली होती. वर्षानुवर्षं पोत्यातली पांढरी पूड खाऊन तिला दुसरं काही पचेनासं झालं होतं. दादाने पूड बंद केली, फवारणी बंद केली आणि निम्म्या जमिनीवर चक्क गवत वाढू दिलं. पहिली चार वर्षं त्याच्या शेतात हसू सोडून काही पिकलं नाही. वहिनी, म्हणजे त्याची बायको, शिवणयंत्रावर घर चालवत होती आणि हा गुडघ्यांवर बसून गवत निरखत होता. पाचव्या वर्षी गवत दाट झालं. त्याने गाई आणल्या, करंटची तार आणली, आणि रोज सकाळी तार सरकवून गाईंना नवा तुकडा द्यायचा असा क्रम सुरू केला. तो क्रम पंचवीस वर्षं चालला. ताप असला तरी, लग्न असलं तरी, आमची आई गेली त्या दिवशीही.

गाईंना त्याने हुद्द्यांवरून नावं दिली होती. एक कंडक्टरीण होती, कारण ती सगळ्यांना ढुशा देत पुढे सरकवायची. एक मोठी नर्स, एक वकीलबाई, एक हेडक्लार्क. हेडक्लार्क कधीच वेळेवर यायची नाही.

जमीन जिवंत आहे की नाही हे पाहायला तो आपले जुने सुती बनियन शेतात पुरून ठेवायचा. दोन महिन्यांनी उकरायचा. नुसत्या शिवणी उरल्या असतील तर खूश. अख्खा बनियन निघाला तर त्या दिवशी जेवायचा नाही. वहिनी म्हणायची, "बाकीच्या बायका नवऱ्याचे कपडे धुतात, मी उकरते." खत तयार झालं का, हे तो जिभेच्या टोकावर ठेवून सांगायचा. लोक हे पाहायला मुद्दाम यायचे. तो त्यांनाही चिमूटभर देऊ करायचा.

या खतामुळेच त्याला माणसं मिळाली. ज्याच्या अंगणात, गच्चीवर, जिन्यात चार कुंड्या असतील त्याला तो खत फुकट द्यायचा. अट एकच. पोतं आपलं आणायचं, आणि पोत्यात भरण्याआधी ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा. "काय घेऊन जाताय ते कळलं पाहिजे," तो म्हणे. तीस-बत्तीस घरं होती अशी. ती माणसं त्याचं खत डोळे मिटून वापरत.

आज त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, की त्याने मेलेली जमीन उठवली. ती खरी आहे. दुसरी, की शेवटी शेवटी त्याने स्वतः विषारी चारा आणला, लोकांच्या बागा मारल्या, आणि आळ घातला शेजाऱ्यावर. ही गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे जगात तीन माणसांना माहीत होतं. एक तो स्वतः, एक वहिनी आणि एक मी.

मी त्याच्याकडे आलो तो माझा कारखाना बंद पडल्यावर. वीस वर्षं लेथवर काढली होती, गाईचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे एवढंच काय ते माहीत. दादाने काही विचारलं नाही. गोठ्यात नेलं, बादली हातात दिली आणि म्हणाला, "गुरं तुझी. जमीन माझी." पहिल्याच दिवशी कंडक्टरणीने मला भिंतीशी दाबून धरलं. तो दारात उभा राहून म्हणाला, "तिकीट काढलं नसशील."

गोठ्याचा नियम एकच होता. फाटकाबाहेरचं काहीही गाईच्या तोंडात जाणार नाही. पेंड नाही, भुसा नाही, कुणी प्रेमाने आणलेली शिळी पोळीसुद्धा नाही. आपल्या जमिनीवर जेवढं उगवतं तेवढीच गुरं आपली. उरलेली आपली नाहीत.

त्या वर्षी पाऊस अर्ध्यातूनच उठून गेला. गवत घोट्याएवढं होऊन थांबलं, मग पिवळं पडलं. दादाने रान पायांखाली घालून पाहिलं आणि नऊ गाई काढायचं ठरवलं. त्याच आठवड्यात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. वहिनी त्याच्यासोबत दवाखान्यात राहणार होती. निघताना त्याने गोठ्याच्या दारावर खडूने नऊ नावं लिहिली. खडू धरायची त्याची पद्धत अजून मास्तराची होती. "मी आलो की यांचं बघू," म्हणाला. मोठी नर्स त्यात होती. कंडक्टरीणही होती.

नऊ म्हाताऱ्या गाई कोण घेतं आणि कशासाठी, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तीन दिवस मी ती नावं वाचत दूध काढलं. चौथ्या दिवशी मोटारसायकल घेऊन निघालो. बरंच लांब एक चाऱ्याचा व्यापारी भेटला. त्याच्या शेडमध्ये गवत रचलेलं होतं, आणि तसं गवत मी जन्मात पाहिलं नव्हतं. हिरवंगार, एकसारखं, लांब. त्यात एक तण नाही, एक रुंद पान नाही, एक काटा नाही. मी हात घालून पाहिला. व्यापारी म्हणाला, "पाहुणे, यातून एक वेगळी काडी काढून दाखवा." तीन ट्रॉल्या घेतल्या. बदल्यात मोटारसायकल तिथेच ठेवली आणि ट्रॅक्टरवर बसून घरी आलो.

लेथवर काम केलेला माणूस स्वच्छ माल पाहिला की खूश होतो. गवतात तण का नाही, हा प्रश्न मला पडला नाही. दादाला पहिला तोच पडला असता.

दोन आठवडे गुरं गोठ्यात बांधून ते गवत घातलं. एरवी शेण रानात जिथल्या तिथे पडायचं. त्या दिवसांत सगळं गोठ्यात साचलं आणि मी ते ओढून एका जागी लावलं. भिंतीकडून मोजलं तर तो तिसरा ढीग. मग उशिराचा पाऊस आला, फार नाही, पण गवताने मान वर काढली. दादा घरी आला तेव्हा काठी टेकत गोठ्यात गेला, गाईंच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि थांबला.

"काय घातलंस?"

"कालव्याच्या मागच्या काठाला गवत होतं. कापून आणलं."

"एवढं?"

"होतं."

तो कालव्यापर्यंत चालू शकत नव्हता. माझ्याकडे पाहत राहिला. मग दारावरची नऊ नावं त्याने बाहीने पुसली. "तुला गवत दिसायला लागलं म्हणायचं," तो म्हणाला.

पन्नाशी उलटलेल्या माणसाला थोरल्या भावाचं एक चांगलं वाक्य किती लागतं, हे मला तेव्हा कळलं. ते वाक्य मी परत करू शकलो नाही.

त्याने पुढे एकदा विचारलं, "तुझी गाडी दिसत नाही?"

"बिघडली होती. देऊन टाकली."

वहिनी भाजी चिरत होती. तिची सुरी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

वर्ष गेलं. तिसरा ढीग काळा, भुसभुशीत झाला. दादाने चव घेतली, मान डोलावली. लोक पोती घेऊन आले, कोपरापर्यंत हात घातले, घेऊन गेले.

पाच आठवड्यांनी पहिली बाई आली. कपडे शिवणारी, वहिनीची जुनी मैत्रीण. जिन्यात ओळीने तिच्या कुंड्या असायच्या. तिने घेवड्याचं एक रोप मुळासकट आणलं होतं. पानं आत वळून मुठी झाली होती, देठ पिळलेला. "मास्तर, याला काय झालं हो?" दादाने रोप उजेडात धरलं. "पाणी जास्त झालं असेल," म्हणाला, पण त्याचा आवाज त्याला स्वतःला पटलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी निवृत्त बसचालक टोमॅटो घेऊन आला. त्याचे शेंडे दोऱ्यासारखे झाले होते. मग दवाखान्यातला स्वयंपाकी आला. मग रोज कुणीतरी. कुणी मेलेलं मांजर आणावं तशी माणसं पिशवीतून रोपं आणून ओट्यावर ठेवत. रागावत कुणी नव्हतं, याचाच त्याला जास्त त्रास व्हायचा.

त्याने प्रत्येक ढिगातली माती वेगवेगळ्या कुंड्यांत भरून घेवडा पेरला. स्वयंपाकघराच्या खिडकीत बारा कुंड्या. रोज सकाळी दूध काढून मी आत यायचो तेव्हा तो तिथे उभा असायचा. तिसऱ्या ढिगाची तिन्ही रोपं उगवली ती हात जोडल्यासारखी, आणि तशीच राहिली.

त्या दिवसांत मी बोलायला हवं होतं. पण मलाही कारण नेमकं ठाऊक नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होतो. गाई ठणठणीत होत्या. गवत गाईला बाधलं नाही तर तिच्या शेणाला कसं बाधेल? हे मी इतक्या वेळा मनात घोळवलं की ते मला निरपराध माणसाचं बोलणं वाटू लागलं.

दादाने कारण शोधलं ते बांधापलीकडे. आमचा शेजारी सगळ्यांत आधी फवारायचा आणि सगळ्यांत जास्त. पाठीवर कायम पंप, म्हणून त्याला पंपवाला म्हणत. दोघे एका वर्गात होते. रोज चार वाजता हा बांधाच्या अलीकडे बसायचा, तो पलीकडे, मध्ये चहाचा थर्मास. पंचवीस वर्षं ते तिथे भांडले.

"शेणमास्तर, तुझ्या गाईंच्या माश्या माझ्याकडे येतात."

"तुझ्याकडे त्यांना मरण स्वस्त मिळतं, म्हणून."

असं रोज. थर्मास रिकामा झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

डेअरीत सकाळी कॅन उतरवायला सगळे जमतात. त्या दिवशी पंपवाला आपला कॅन काट्यावर ठेवत होता. दादा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तुझ्या फवाऱ्याने माझा ढीग मेला."

"सकाळी सकाळी काय प्यायलास?"

"वारा माझ्याकडे असताना तू मारलंस. आणि तुला ते माहीत होतं."

पंपवाल्याने इकडे तिकडे पाहिलं. दहा-बारा माणसं होती. तो हसायच्या बेतात होता, पण दादाचा चेहरा पाहून त्याचं हसू गेलं. "मास्तर, तुझ्या ढिगाच्या बाजूला वारा असला की मी पंप उतरवून ठेवतो. पंचवीस वर्षं," तो म्हणाला. "आपल्या ढिगाच्या पोटात काय आहे ते आधी बघ."

मी कॅनचं झाकण लावत होतो. ते झाकण मी फार वेळ लावत होतो.

दादाने माती शेतकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाठवली, शेजाऱ्याचा गुन्हा शाबीत करायला. सात आठवड्यांनी कागद आला. तो त्याने गोठ्यातच उभ्याने वाचला, मग मला वाचायला दिला. कुरणात रुंद पानांचं तण मारायला वापरतात ते एक तणनाशक होतं. गवताला ते काही करत नाही, गवतातच राहतं. गाय ते गवत खाते, गाईला काही होत नाही. शेणातून ते जसंच्या तसं बाहेर येतं आणि घेवडा, टोमॅटो, बटाटा यांना पिळून टाकतं. खाली लिहिलं होतं, चारा बाहेरून आणला होता का ते तपासावे.

दादा वकीलबाईच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. माझ्याकडे बघत नव्हता.

"किती?" त्याने विचारलं.

"तीन ट्रॉल्या."

"तण होतं त्यात?"

"नाही. एकही नाही."

"अरे, मग तेव्हा तरी," तो म्हणाला आणि बादली घ्यायला वळला.

त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने संध्याकाळचं दूध काढलं. मला बादली दिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो ढकलगाडी घेऊन निघाला. मी मागून दुसरी घेऊन. बत्तीस घरं. प्रत्येक दारात तो एकच वाक्य म्हणायचा, "चूक आमच्या गोठ्यातली आहे, माती परत न्यायला आलोय." आणि वाफे उकरायचा, कुंड्या उपड्या करायचा, भांड्यातला तळचा भात खरवडावा तसा खरवडून घ्यायचा. ऑपरेशनची जागा दुखायची तेव्हा फावडं टेकून थांबायचा. ही माती आम्ही आमच्या कुरणावर पसरली. गवताला त्याचं काही होत नाही आणि उन्हापावसात ते हळूहळू उतरतं, असं कागदात होतं.

बसचालक म्हणाला, "मास्तर, आम्ही डोळे मिटून घालत होतो हो तुमचं खत."

"आता उघडे ठेवा," दादा म्हणाला.

सगळी घरं झाल्यावर आम्ही पंपवाल्याच्या फाटकाशी गेलो. त्याच्याकडे उकरायला काही नव्हतं. तो फाटकाच्या आत, आम्ही बाहेर. मी दादाच्या तीन पावलं मागे, रिकामी ढकलगाडी धरून.

"मी बोललो ते चूक होतं," दादा म्हणाला. "तुझा काही संबंध नव्हता. चारा बाहेरून आला होता."

"ऐकलं मी. सगळीकडे सांगत फिरतोयस." पंपवाल्याचा आवाज अगदी साधा होता. "म्हणजे चारा तू आणलास. फाटकाबाहेरचं काही चालत नाही म्हणून आम्हाला अक्कल शिकवणारा तू. आणि ढीग मेल्यावर दहा माणसांत नाव घेतलंस माझं. तुला माहीत असताना."

दादाने फाटकाच्या कडेला हात टेकला.

"माहीत असताना, मास्तर," तो पुन्हा म्हणाला.

एक वाक्य पुरेसं होतं. चारा याने आणला, मला माहीत नव्हतं. दादा उभा होता. किती वेळ उभा होता सांगता येत नाही; समोर एक कोंबडी फाटकाखालून आली, ढकलगाडीच्या चाकाशी टोचत बसली आणि परत गेली, एवढा वेळ. मग पंपवाला वळून घरात गेला. दादा आणखी जरा थांबला, मग आम्ही परत आलो.

घरी वहिनी दारातच होती. तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. दादा आत गेल्यावर मला म्हणाली, "भाऊजी, गाडी दिसेना तेव्हाच मी समजले होते. मी गप्प बसले, ती माझी चूक. पण आता तुम्ही किती दिवस गप्प बसणार?"

मी दादाला विचारलं. माझं नाव का नाही घेतलंस, असं. तो बूट काढत होता.

"गुरं मी तुला सोपवली होती. सोपवली म्हणजे त्यांनी काय खाल्लं ते माझंच झालं," तो म्हणाला. मग दुसरा बूट काढता काढता, अगदी सहज, "आणि तू होतास की तिथे. मला वाटलं, तू बोलशील. म्हणून थांबलो होतो."

त्यानंतर तो तीन वर्षं जगला. बादली त्याने मला आठवड्याने परत दिली. चार वाजता तो बांधाकडे जाईनासा झाला. त्या वेळी धुतलेले कॅन पुन्हा धुवायचा. पंपवाला आपल्या बाजूचं काम चारच्या आत आटोपून जायचा. गावभर गोष्ट पक्की झाली, शेणमास्तर ढोंगी निघाला. खत न्यायला कुणी येईना. शिवणारी बाई तेवढी यायची. तिला तो परत पाठवायचा, "अजून दोन वर्षं थांब." खिडकीत दर हंगामाला कुंड्या लागायच्या. पानं थोडी थोडी उलगडत होती, पण पूर्ण नाही.

मी रोज ठरवायचो. आज डेअरीत सांगू. आज फाटकाशी जाऊ. मग दूध काढायची वेळ व्हायची. माणसाला गप्प राहायला मोठं कारण लागत नाही, रोजचं काम पुरतं.

तो गेला तो कुरणातच, सकाळी तार सरकवताना. तार त्याने जुन्या जागेवरून काढली होती, नव्या जागी लावली नव्हती. मी पोचलो तेव्हा गुरं जुन्या, खाल्लेल्या गवतातच उभी होती. समोर काही अडवायला नव्हतं, तरी कुणी पाऊल पुढे टाकलं नव्हतं. आधी मी तार लावली. मग त्याच्याकडे वळलो. असं का केलं, मला माहीत नाही.

त्याला पोचवायला पंपवाला आला नाही.

नवव्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. तो मळ्यात औषध कालवत होता, तोंडाला फडकं बांधलेलं. मी सगळं सांगितलं. नऊ नावं, मोटारसायकल, तीन ट्रॉल्या, कालव्याचं गवत. दादाला काहीही माहीत नव्हतं, तुमच्यावर आळ घेतला तेव्हा तो खरंच तसं समजत होता, हे दोनदा सांगितलं. तो काठीने पिंपातलं पाणी ढवळत राहिला. ढवळणं कधी थांबलं ते मला कळलं नाही.

"त्या दिवशी फाटकाशी तू मागे उभा होतास," तो म्हणाला.

"हो."

"ढकलगाडी घेऊन."

"हो."

"मग तो थांबला होता कशासाठी? मी खिडकीतून बघत होतो. मी आत गेलो तरी तो उभाच होता. मला वाटलं, आता काय मागतोय हा."

मी सांगितलं, कशासाठी ते.

त्याने फडकं खाली ओढलं. त्याचं तोंड मी तीन वर्षांत इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. ते म्हातारं झालं होतं. "तीन वर्षं," तो म्हणाला. "रोज तो तिकडे, मी इकडे. अरे, शंभर पावलं नव्हती मध्ये. तीन वर्षं तू काय करत होतास?"

"दूध काढत होतो."

त्याने मान हलवली, म्हणजे उत्तर पटलं असं नव्हे, ऐकू आलं एवढंच. "उद्या डेअरीत सांग," तो म्हणाला. "तिथेच, माणसं असतील तेव्हा. मी कॅन घेऊन येतो."

मग त्याने फडकं वर ओढलं, पंप पाठीवर घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सरक तिथून. वारा तुझ्याकडे आहे."